नऊच्या ठोक्याला लागणारं भांडण

'आमच्याकडे रात्री नऊ वाजले की बिग बॉस मराठी लागतं. सासूबाई (वय ७१) त्यातल्या एका मुलासाठी देवापुढे दिवा लावतात. परवा तो घराबाहेर पडला तर जेवल्या नाहीत. आमचे हे म्हणतात, "आई, सगळं लिहून दिलेलं असतं. तू इथे रडतेयस आणि तो तिकडे पैसे मोजतोय." मग दोघांची जुंपते. चौदा वर्षांचा मुलगा मधे बसून मजा बघतो आणि शाळेत जाऊन तिथलीच भाषा बोलतो. यात खरं किती? मी काय करू? मलाही बघायला आवडतं, हे मात्र यांना सांगितलेलं नाही.
ता. क. नणंदेच्या नऊ वर्षांच्या मुलीला गाण्याच्या शोच्या दुसऱ्या फेरीला बोलावलंय. पाठवावं का?'
– एक वाचक, मिरज

ताई,

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेल्या माणसाला समजावणं फार कठीण. तरी सुरुवात त्यांच्यापासूनच करू.

संवाद कोणी लिहून देत नाही. सोळा माणसांकडून पाठांतर करवून घ्यायचं आणि सत्तर-शंभर दिवस, डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत त्यांना खोटं वागायला लावायचं, हे कुठल्याही निर्मात्याच्या आवाक्यातलं नाही. कसलेला नटसुद्धा तिसऱ्या दिवशी उघडा पडेल. लिहिलेली असते ती परिस्थिती. घरात घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही. शिधा मोजका. नॉमिनेशन करताना, म्हणजे कोणाला बाहेर काढावं ते सुचवताना, नुसतं नाव घेऊन भागत नाही, कारणही द्यावं लागतं, आणि निम्मी भांडणं त्या कारणातच पेरलेली असतात. (लग्नातलं जेवण का आवडलं नाही हे एकेकाला कारणासकट माइकवर सांगायला लावा, कुठल्याही घराण्यात संध्याकाळपर्यंत दोन तट पडतील.) टास्कचा पंच, ज्याला तिथे संचालक म्हणतात, तो बहुतेक वेळा स्पर्धकांपैकीच एक. म्हणजे कबड्डीच्या सामन्यात एका संघातल्याच गड्याच्या हातात शिट्टी द्यायची. पुढचं भांडण लिहावं लागत नाही.

माणसं निवडणं हे त्याहून मोठं काम. २०२४ चं पाचवं पर्व आठवा. बारामती तालुक्यातला रील करणारा सूरज चव्हाण, कोकणची अंकिता प्रभू वालावलकर, कोल्हापूरकडचे धनंजय पोवार, मूळच्या गोव्याच्या ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगावकर, हिंदी बिग बॉस करून आलेली निक्की तांबोळी, आणि २००५ मध्ये पहिला इंडियन आयडॉल ठरलेला गायक अभिजीत सावंत. कोण कोणाजवळ बसेल आणि कोणाचं कोणाशी अडेल, याचा अंदाज नुसती यादी वाचूनही येतो. बोलीसुद्धा वाटून घेतल्यासारख्या आहेत, म्हणजे मतं जिल्ह्याजिल्ह्यांतून येणार. हा साचा मूळचा डच. जॉन द मोल यांच्या कंपनीने सप्टेंबर १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये बिग ब्रदर सुरू केलं, २००६ मध्ये ते हिंदीत आलं आणि १५ एप्रिल २०१८ ला मराठीत. घर, कॅमेरे, नॉमिनेशन, बाहेर काढणं हे सगळं तयार मिळतं. माणसांचा मसाला मात्र ज्याने त्याने आपल्या मुलखातला आणायचा.

मग हे खरं की खोटं? हा प्रश्न फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे वेगळ्या वाटेने आला होता. एका बेटावर चित्रित झालेल्या रिॲलिटी शोमधले स्पर्धक म्हणत होते, आम्हाला कामगार माना. निर्मात्यांचं म्हणणं, ही माणसं स्वतःसारखीच वागत होती, त्यात काम कसलं? ३ जून २००९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की ठरल्या वेळी, ठरल्या जागी, निर्मात्याच्या सूचनांप्रमाणे आणि त्याने घडवलेल्या प्रसंगांत वावरणं हे कामच आहे. आज रात्री यजमानांना एवढंच सांगा: तो मुलगा नाटक करत नव्हता, नोकरी करत होता. ऑफिसात माणूस जेवढा खरा असतो, तेवढा तो तिथे खरा होता.

खरी कारागिरी कात्रीची आहे. तासाभराच्या कार्यक्रमात नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती. उरली ४८. त्यातून शीर्षक, 'आत्तापर्यंत' आणि 'उद्याच्या भागात' वगळा, ४० धरा. घरात १६ जण, प्रत्येक जण दिवसातले १६ तास जागा. समान वाटणी केली तर एकेकाच्या वाट्याला अडीच मिनिटं येतात, आणि समान वाटणी कोणीच करत नाही. कोणाला अकरा मिनिटं मिळतात, कोणाला पाठमोरे सात सेकंद. अडीच मिनिटांत माणूस मावत नाही, एखादा स्वभाव मावतो: तापट, भोळा, कपटी, रडका. उरलेले पंधरा तास साडेसत्तावन्न मिनिटं तोच तापट माणूस भांडी घासतो, जांभया देतो, दुसऱ्याला लिंबू पिळून देतो. ते सगळं खरंच असतं, पण आपल्यापर्यंत पोचत नाही. वाक्यं खरी, अश्रू खरे. क्रम आणि प्रमाण मात्र दुसऱ्या कोणीतरी ठरवलेलं. वाद या ओळीवर आणून ठेवलात तर दोघांनाही माघार घ्यायला जागा राहते.

हे पडद्यावर पकडता येतं. त्यासाठी टीव्हीपेक्षा ॲपवरचा भाग बरा, कारण थांबवून मागे नेता येतो. भांडणाचा एक प्रसंग निवडा, तीन-चार मिनिटांचा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. ज्या जागी तुमच्या छातीत धडधडलं होतं तिथे बऱ्याचदा दोन माणसं नुसती उभी असतात. धडधड ढोलाच्या ठेक्याची आणि त्या 'ढुंग' आवाजाची होती. दुसऱ्यांदा डोळे मिटून, हेडफोन लावून ऐका. एकाच वाक्यात मागचा एसीचा गुंजारव अचानक बदलला, किंवा शब्दाची पट्टी मधेच चढली, तर तिथे दोन तुकडे जोडले असण्याची शक्यता मोठी. विशेषतः बोलणाऱ्याचा चेहरा न दिसता डोक्याची मागची बाजू किंवा ऐकणाऱ्याचं तोंड दिसत असेल तेव्हा. तिसऱ्यांदा फक्त वस्तू बघा: हातातला कप, ओले-कोरडे केस, ओढणी कोणत्या खांद्यावर, खिडकीतलं ऊन. बोलणाऱ्याच्या मागे सकाळ आणि डोळे वटारणाऱ्याच्या मागे दिवे लागलेले असतील, तर ते डोळे त्या वाक्यावर वटारलेले नाहीत.

इथे एक चूक हमखास होते. लोकांना एकदा तुकडे दिसायला लागले की प्रत्येक तुकडा लबाडी वाटतो. तसं नाही. त्या घरात डझनावारी कॅमेरे एकाच वेळी चालू असतात. बोलणारा एका कॅमेऱ्यात, ऐकणारा दुसऱ्यात, आणि दोन्ही त्याच क्षणाचे, हे अगदी रास्त आहे. चित्र बदललं हा पुरावा नव्हे. कप बदलला, हा पुरावा. आणि बोलणारा व ऐकणारा एकाच चौकटीत, सलग दहा-पंधरा सेकंद दिसले, तर तो भाग निर्धास्त खरा माना. पडद्यावर दिवस आणि वेळेची पट्टी कधी येते आणि कधी गायब होते, तेही बघत चला. पट्टी नसली की क्रम मोकळा असतो.

एकट्याने खोलीत बसून बोलतात ती बाइट थोडी वेगळी. तिथे समोरून प्रश्न विचारलेले असतात, ते कापून टाकतात. बऱ्याच शोमध्ये स्पर्धकाला सांगितलेलं असतं की उत्तरात प्रश्न घेऊन बोला. 'तुला तिचा राग आला का?' असं विचारलं की तो म्हणतो, 'मला तिचा राग आला, असं नाही म्हणणार, पण...' यातला मधला भाग काढला की काय उरतं ते तुमच्या मुलाला विचारा, तो लगेच सांगेल.

मुलाचा विषय आलाच आहे तर त्याला भाषण देऊ नका, काम द्या. एका रविवारी जेवणाच्या वेळी वीस मिनिटं चित्रीकरण करा, सगळ्यांना आधी विचारून. दोन फोन लागतील, एक टेबलाच्या या टोकाला आणि एक त्या, माणसांपासून तीन-चार फुटांवर, पाण्याच्या तांब्याला टेकवून. पंखा बंद ठेवा. घरगुती चित्रीकरणाचा आवाज पंख्याइतका दुसऱ्या कशानेच बिघडत नाही, आणि कुकर आधीच उतरवून घ्या. दोन्ही फोन सुरू झाले की एकदा जोरात टाळी वाजवा. पुढे एडिट करताना त्या टाळीवर दोन्ही आवाज जुळवता येतात, नाहीतर ओठ आणि शब्द यांची फारकत होते. मग चिरंजीवांना सांगा, फुकटातलं कुठलंही एडिटिंग ॲप वापर आणि यातून एक एक मिनिटाच्या दोन फिती कर: एकीत बाबा खलनायक, दुसरीत तेच बाबा बिचारे. अट एकच, नवा शब्द एकही रेकॉर्ड करायचा नाही. मागे संगीत घालायची मुभा.

पहिल्या प्रयत्नात तो भराभर तुकडे मारेल आणि फीत खोटी दिसेल. त्याला सांगा, मीठ मागणाऱ्या बाबांचं वाक्य तसंच ठेव. फक्त त्यानंतर आजीचा चार मिनिटांनी घेतलेला सुस्कारा लाव. मग बघा. 'मीठ आहे का?' एवढ्या तीन शब्दांत घर मोडताना दिसेल. ही फीत घरातच बघायची, कुठे टाकायची नाही, आणि झाली की पुसायची. आजीचा सुस्कारा शाळेच्या ग्रुपवर गेला तर तो धडा वेगळाच आणि महाग. भाषेबद्दल म्हणाल तर, टीव्हीवर शिवीच्या जागी 'बीप' येतो तो शिवी लपवायला कमी आणि शिवी होती हे कळवायला जास्त. हे त्यालाही कळलं की त्या भाषेचा रुबाब थोडा उतरतो. पुरता उतरेल असा शब्द देणार नाही. तो चौदा वर्षांचा आहे.

आता सासूबाई. त्यांना कोणी भोळं म्हणू नये. त्या जे करतात ते माणसं फार पूर्वीपासून पारावर बसून करत आलीत: कोण बरोबर, कोण चुकलं, कोणी कोणाशी कसं वागायला हवं होतं. चॅनेलवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. चौथ्या पर्वात महेश मांजरेकर शनिवार-रविवारी झाडाझडती घ्यायचे त्या सत्राचं नाव होतं 'बिग बॉसची चावडी', आणि पाचव्यात रितेश देशमुख यांच्या सत्राचं 'भाऊचा धक्का'. (मुंबईतल्या खऱ्या भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव होतो. नाव ठेवणाऱ्याने हे मनात धरलं होतं की नाही कोण जाणे, पण चपखल बसलंय.) गावातल्या चावडीवर निवाडा दिला तर उद्या त्याच माणसाच्या दारावरून जावं लागतं. भाचीचं चुकलं म्हणावं तर दिवाळीला ती येणार असते. इथे निवाडा द्यायचा आणि नऊ ते दहा मोकळेपणाने द्यायचा, कोणी दुखावत नाही, कोणी उलटून येत नाही. वयस्कर बायकांच्या निवाड्याला घरात किती किंमत असते, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

शिवाय रोज तासभर, दोन-अडीच महिने एखाद्याला बघायचं म्हणजे सख्ख्या पुतण्यापेक्षा जास्त सहवास. तो अचानक दिसेनासा झाला की घास न उतरणं साहजिक आहे. ओळख एकतर्फी आहे, एवढाच फरक. अशा वेळी 'तो पैसे मोजतोय' हे वाक्य खरं असलं तरी वेळ चुकीची. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर विचारा, 'तुमच्या मते त्याचं कुठे चुकलं?' बघा कशा खुलतात ते. आणि तुम्हालाही आवडतं हे यजमानांना सांगून टाका. तिसरी बाजू आली की दोघांच्या भांडणातली हवा जाते.

सासूबाई मत देत असतील तर देऊ द्या. ते ॲपवरून द्यायचं असतं. रोज किती मतं देता येतात हे तिथेच लिहिलेलं असतं. कोणाला किती मतं पडली ते आकडे प्रेक्षकांना दाखवत नाहीत, त्यामुळे 'माझ्या मताने वाचला' किंवा 'मतं खाल्ली' या दोन्हीला पुरावा नाही. पूर्वी एसएमएसने मत देत तेव्हा एका मेसेजला नेहमीपेक्षा जास्त पैसे पडायचे आणि हौस महागात जायची. पण त्या मतदानाची ताकद हसण्यावारी नेऊ नका. २००७ च्या इंडियन आयडॉलमध्ये कोलकाता पोलिसांतला शिपाई प्रशांत तमांग जिंकला, त्यामागे दार्जिलिंगच्या गोरखा समाजाने वर्गणी काढून पाठवलेले मेसेज होते. ती मोहीम चालवण्यात बिमल गुरुंग पुढे होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष काढला. गाण्याच्या स्पर्धेत जमलेली माणसं वेगळ्या राज्याची मागणी घेऊन रस्त्यावर उतरली. आपल्यातला एक जिंकावा, ही ओढ किती खोल असते ते यावरून कळावं.

एका बाबतीत मात्र घरात कडक राहा. 'तुमचा नंबर कौन बनेगा करोडपतीच्या लॉटरीत लागला, २५ लाख मिळणार, आधी प्रोसेसिंग फी भरा' असे व्हॉट्सॲप मेसेज वर्षानुवर्षं फिरताहेत. शोला नंबर लावणारी, मत देणारी ज्येष्ठ माणसं या भामट्यांना सहज सापडतात, कारण त्या माणसांना तो निरोप अगदीच अनपेक्षित वाटत नाही. घरातल्या मोठ्यांना एक नियम पाठ करून द्या: बक्षीस देणारा आधी पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. रागवायचं नंतर.

आता ता. क. मधली भाची. पाठवू नका असं म्हणणार नाही. २००८-०९ च्या मराठी लिटल चॅम्प्स या मुलांच्या गाण्याच्या शोमधले कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत आजही गातात. २०२१ मध्ये ते पाचही जण त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या बाजूला बसले. अर्थात त्या वर्षी ऑडिशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्या मुलांची नावं आपल्याला माहीत नाहीत, हेही नणंदबाईंनी लक्षात घ्यावं.

शोला गळा लागतो, पण गोष्टही लागते. पुढच्या फेऱ्यांत ते घरी येऊन 'एव्ही' चित्रित करतील, म्हणजे गाण्याआधी दाखवतात ती दोन मिनिटांची ओळख. आजोबांचं आजारपण, कर्ज, वडिलांची सुटलेली नोकरी असं काहीही आधी सहज बोलून गेलात तर तेच मुख्य होऊन बसेल आणि मुलगी गाण्याआधी 'बिचारी' ठरेल. काय दाखवायचं नाही ते नवरा-बायकोने आधी कागदावर लिहून काढावं आणि ऑडिशनच्या फॉर्ममधल्या 'तुमच्या कुटुंबाविषयी' या रकान्यातही तेवढंच लिहावं. गोष्ट तिथूनच उचलली जाते.

कायदा तुमच्या बाजूने आहे, फक्त तो माहीत हवा. बालकामगार नियमांत २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. चित्रीकरण जिथे होतं तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते. दर पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस सेटवर हवा. मुलाच्या मनाविरुद्ध त्याला उभं करता येत नाही. गोची होते ती इथे: ५ तास म्हणजे कॅमेऱ्यासमोरचेच, असं सोयीने मोजलं जातं, आणि मेकअप करून बसून राहिलेले चार तास हिशोबात धरत नाहीत. म्हणून हजेरीची आणि सुटकेची वेळ आईने रोज स्वतःच्या वहीत लिहावी, आणि परवानगीची प्रत पहिल्याच दिवशी मागावी. मागितल्यावर तोंड वाकडं झालं तर तिथेच काय ते कळतं.

करारावर त्याच बैठकीत सही करू नका. दोन दिवस मागून घ्या आणि वकिलाला दाखवा. शो संपल्यावर किती महिने दुसरीकडे गाता येणार नाही, हे कलम आधी शोधायचं. १०,००० रुपयांवरचं बक्षीस ३० टक्के कर कापूनच हातात येतं, तेव्हा जाहीर झालेल्या आकड्यावर बेत आखू नका. आणि मुलीच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम तिच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायची असते, ती सज्ञान झाल्यावर तिलाच मिळते. त्या ठेवीची पावती पहिल्या चेकबरोबरच मागून घ्या.